गाणारीचा हात

कॅरिगदू, ५ मे

साइव,

सगळं बिघडलं ते मार्चमधल्या त्या रविवारी. बार्टलीच्या पबात तू भिंतीकडे तोंड करून गायला लागलीस, मी नेहमीसारखा तुझा हात धरायला पुढे सरकलो, आणि तो आधीच त्या डच माणसाच्या हातात होता.

'प्रिय' लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. फोनवर तू मला ब्लॉक करून टाकलंस, म्हणून कागद. आणि कागद कुठे पाठवायचा हे मला तुझ्या त्या डच योस्टनेच सांगितलं. इंटरनेटवरच्या त्याच्या त्या नकाशावर लिहिलेलंच असतं की येत्या रविवारी ही स्वारी कुठल्या गावात, कुठल्या पबात बसणार आहे. या खेपेला डॉनेगॉल. तिथल्या मालकाच्या हाती हे पत्र पडेल, तो ते तुझ्या टेबलावर टाकेल. वाचताना योस्ट शेजारी बसलेला असेल तर त्याला समजावून सांगू नकोस. त्याला आपली भाषा समजत नाही याचाच मला एवढा आधार आहे.

तो पहिल्यांदा आला तो दिवस आठवतो? पाठीला डफ. दुनियेतल्या कुठल्याही गाण्या-वाजवण्याच्या बैठकीत डफवाला दारातून आत आला की फिडलवाले आपापल्या ग्लासात बघायला लागतात, एवढी साधी गोष्टही त्याला कुणी सांगितलेली नव्हती. सरळ फेस्टीपुढे जाऊन उभा राहिला. फेस्टी सत्तरीचा, पबाच्या त्याच खिडकीखाली फिडल वाजवत त्याने जन्म काढला.

"इथली बैठक किती वाजता सुरू होते?"

"सुरू होईल तेव्हा," फेस्टी म्हणाला.

"आणि संपते कधी?"

"तू तो डफ काढलास की."

सगळा पब हसला. योस्टही हसला, आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं. तिथेच मी ओळखलं की हा माणूस असाध्य आहे. केरीपासून डॉनेगॉलपर्यंत, जिथे जिथे आपली भाषा बोलतात त्या त्या गावात हा व्हॅन घेऊन 'खरी बैठक' शोधत फिरतो. सापडली की तिला खरेपणाबद्दल पाचपैकी तारे देतो. आपल्याला साडेचार दिले. अर्धा का कापला, तर म्हणे खुर्च्या कमी.

आणि तू त्याच्या व्हॅनमध्ये बसलीस.

आधी सगळं ठीक होतं असं मी म्हणत नाही. पण होतं ते आपलं होतं. चर्चमधली मिस्सा सुटली की लोक बार्टलीकडे येत, फेस्टी फिडल जुळवी, मी बासरी काढी. नाचाच्या दोन-तीन चाली झाल्या की कुणीतरी म्हणे, साइव, एक होऊ दे. तू नाही नाही म्हणायचीस, मग डोळे मिटायचीस. मग बार्टली दाराकडे बघायचा, आणि गाणं संपेपर्यंत त्या दाराला कुणी हात लावायचं नाही. बाहेरचा बाहेर, आतला आत. एकदा फादर स्वतः छत्रीशिवाय पावसात उभे राहिले होते, आणि आत आल्यावर चकार शब्द बोलले नाहीत. पहिली ओळ झाली की तुझा हात बाजूला यायचा आणि मी तो धरून फिरवायचो, लोकर कातायचं चाक फिरवावं तसा. तुझ्या मार्कस आजोबांचा हात तुझ्या आजीने, डेलियाने, जन्मभर असाच धरला. ते तुला गाणं देऊन गप्प झाले आणि तुझा हात माझ्याकडे आला, असं अख्खं गाव धरून चाललं होतं. मी एकटाच नव्हे.

कॉलेज मी तुझ्यासाठी सोडलं असं तू डॉनेगॉलला सांगत असशील तर ते खोटं आहे. तू गॉलवेच्या कॉलेजातून घरी परत आलीस आणि पुढच्या आठवड्यात मी परत आलो, हा योगायोग. मी सोडलं ते त्या लोकसंगीताच्या प्राध्यापकामुळे. लोकसंगीताची पदवी, बघ. त्याने हात फिरवण्यावर अख्खा तास घेतला. फळ्यावर दोन माणसं काढली, बटाट्यांसारखी, आणि मध्ये एक बाण, गाणाऱ्याच्या खांद्यापासून ऐकणाऱ्याच्या हाताकडे जाणारा. बाणच उलटा. मी मोठ्याने हसलो. तो म्हणाला, "तुम्हाला काही सांगायचंय का?" मी म्हणालो, "ज्याने कधी गाणारीचा हात धरलेला नाही त्याला काय सांगायचं?" आणि दप्तर उचलून निघालो. वडील अजून विचारतात, परीक्षा कधी. मी म्हणतो, होईल तेव्हा.

मला फार काही नको. तू परत ये, त्या कोपऱ्यात उभी राहा, आणि हात माझ्याकडे कर. बाकी योस्टने नकाशावर काय हवं ते रंगवावं.

कोलमन


कॅरिगदू, २६ मे

साइव,

उत्तर नाही. बरं.

इथली खबर ऐक. नकाशावर आपल्या गावावर हिरवा ठिपका आलाय, तेव्हापासून रविवारी मिस्सेला जितकी माणसं नसतात तितकी रस्त्यावर असतात. सगळ्यांचे रेनकोट एकाच दुकानातले. आत येतात, कुजबुजत बसतात, फेस्टीने फिडल काढली की फोन वर धरतात. एकीने तर मला हाताने खूण केली, जरा बाजूला सरका म्हणून. मी बासरी वाजवत होतो. मी कशाच्या तरी आड येत होतो.

बार्टली पाघळलाय. त्याने दारात पाटी लावली: संगीत, रविवार, दुपारी तीन. मी म्हणालो, "बार्टली, तीनला फेस्टी जेवून डुलकी काढतो."

"मग त्याने अडीचला डुलकी काढावी," बार्टली म्हणाला. "लेका, हिवाळ्यात इथे मी आणि कुत्रा असतो. कुत्रा पीत नाही."

"पण हे लोक बैठक ऐकायला येत नाहीत. बैठक सापडली, हे ऐकवायला येतात."

"तू कॉलेजात राहिला असतास तर हे छापून आणता आलं असतं," तो म्हणाला आणि ग्लास पुसायला लागला.

म्हणून मी बैठकच हलवली. कुठे ते लिहीत नाही. तू योस्टला सांगशील. एका स्वयंपाकघरात, एवढंच. शेगडी आहे, चहा आहे, बोलावल्याशिवाय कुणी येत नाही आणि बोलावणारा मी आहे. फेस्टी आधी कुरकुरला, पण त्याला हे आवडलंय, निदान तो तक्रार करत नाही. परवा फक्त एवढंच म्हणाला, "पोरा, साइव आली तर तिला कसं कळायचं?"

"मी सांगेन."

"ती तुझ्याशी बोलते का?"

मी वाजवायला लागलो.

रविवारी दुपारी मी बार्टलीच्या बाकावर बसतो आणि रेनकोटवाल्यांना वाटा दाखवतो. बैठक कुठे आहे? कुणाला सांगतो, त्या टेकडीपलीकडे, पांढऱ्या घरात. तिथे मेंढ्यांचा डॉक्टर राहतो आणि त्याला सगळ्यांचाच राग आहे. कुणाला सांगतो, ओहोटी लागली की त्या बेटावर चालत जा. चालत परत यायचं पुढच्या ओहोटीला. माणसं आभार मानतात. एका म्हाताऱ्याने तर माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, तुमच्यासारख्यांमुळे ही परंपरा टिकून आहे. मी म्हटलं, खरंय.

आता केरीत आहात ना. तिथल्या पबाला नकाशावर पाच तारे दिसतात. पूर्ण पाच. तिथे खुर्च्या पुरल्या वाटतं. आणि तू गायलीस तर हात कुणी धरला हे नकाशावर दिसत नाही, ही त्यातली त्रुटी आहे, त्याला कळव.

कोलमन


कॅरिगदू, १८ जून

साइव,

मार्कस आजोबांच्या मयताच्या घरी काय झालं ते तू डेलियाकडून आणि त्या बेल्जियमच्या जोडप्याकडून ऐकलंस. आता माझ्याकडून ऐक.

आजोबा शुक्रवारी पहाटे गेले. शनिवारी दुपारी घर भरलेलं होतं, शवपेटी पुढच्या खोलीत, सगळं गाव आत-बाहेर, अंगणात सायकली. मी बार्टलीच्या बाकावर होतो, कारण मला आत जायचं नव्हतं. का नव्हतं ते सांगत बसत नाही. तेवढ्यात हे दोघं आले. त्याच्या पाठीला बँजो, तिच्या हातात फोन. "इथे आज बैठक आहे का?" मी म्हणालो, "आहे. मोठी आहे. ते निळ्या दाराचं घर, अख्खं गाव तिथेच आहे."

हो, मी म्हणालो. त्यांची तोंडं बघायची होती मला. पेटी दिसल्यावर ती कशी होतात ते. एकदा तरी या लोकांना कळू दे की प्रत्येक उघडं दार त्यांच्यासाठी उघडं नसतं. मी मागोमाग गेलो, बघायला.

पण आपली माणसं. मयताच्या घरी दारात उभ्या माणसाला कुणी विचारत नाही तू कोण. आला म्हणजे गेलेल्याला ओळखत असणार. त्या बाप्याला काय करावं कळेना, तर पुढचा जे करतोय ते त्याने केलं. रांगेत उभा राहिला, घरच्या प्रत्येकाशी हात मिळवला, पेटीपाशी गुडघे टेकले. डेलियाने विचारलं, "कुठून आलात बाळांनो?"

"बेल्जियमहून."

"अँटवर्पहून?"

"जवळच."

झालं. तरुणपणी आजोबा बोटीवर होते आणि बोट अँटवर्पला लागायची, एवढं गावाला पुरलं. अर्ध्या तासात हे दोघं तिथल्या खाणावळवालीची नातवंडं झाली होती. आजोबांनी त्या बाईबद्दल कधी तोंड उघडलेलं नसताना तीन जणांना तिचं नाव आठवत होतं. पेटीच्या उशाशी खुर्च्या मिळाल्या, चहा मिळाला, हॅमचे सँडविच मिळाले. ती बाई तर रडायला लागली. कोणासाठी, विचार. मग फेस्टीने त्याच्या पाठीकडे बोट दाखवलं. "वाजवता वाटतं?" आणि त्या माणसाने मांडीवर बँजो घेतला, डोळे खाली, आणि एक संथ चाल वाजवली. बँजोवर संथ चाल, म्हणजे कौलांवर पडणारे टपोरे थेंब. फेस्टी, जो माझ्या बासरीला आजवर 'ठीक' म्हणालेला नाही, त्याने मान हलवली.

डेलियाने माझे दोन्ही हात धरले. "कोलमन, तू यांना वाट दाखवलीस म्हणे. देव तुझं भलं करो. किती लांबून आली पोरं."

मला त्या घरात हसू आलं नाही, हे तुला कुणी सांगितलं नसेल. ते मी सांगतोय.

संध्याकाळी तू आलीस. त्या बेल्जियमवाल्याने तुला भोळेपणाने सांगितलं, "तो मुलगा म्हणाला इथे बैठक आहे." बाकी कुणाला कळलं नाही. तुला कळलं.

मग बोटींच्या धक्क्यावर तू मला जे बोललीस ते मी इथे उतरवून ठेवतो, म्हणजे पुढे नाकबूल करता येणार नाही.

"लाज वाटली नाही?" हे पहिलं.

"कुणाची? त्यांना हॅम मिळालं, डेलियाला पाहुणे मिळाले."

"तू मयताच्या घरी चेष्टेने माणसं पाठवलीस. माझ्या आजोबांच्या."

"तुझ्या योस्टने आमच्याकडे पाठवली ती काय सांत्वनाला? तो निदान तारे तरी देतो, मी फुकट पाठवली."

"योस्टला मधे आणू नकोस."

"मी आणला नाही. व्हॅनने आला."

तू हसली नाहीस. मला वाटलं होतं तू हसशील. पूर्वी हसायचीस.

"योस्ट उद्या बोटीतून पडून बुडाला," तू म्हणालीस, "तरी मी तुझ्याकडे हात करणार नाही. का, विचार."

"का?"

"कारण तू गाणं हाकतोस. गुरं हाकावीत तसं. तू हात फिरवायला लागलास की तुझा फेरा पुरा व्हायच्या आत मला ओळ संपवावी लागते. श्वास घ्यायला जागा नसते. इतकी वर्षं मी तुझ्या मनगटाच्या मागे धावत गायले, आणि लोक म्हणायचे काय छान जोडी."

"आणि तो? त्याला हात फिरवायचं ओ की ठो कळत नाही."

"नाही कळत. म्हणून नुसता धरून बसतो. माझा फिरला तर त्याचा फिरतो."

"म्हणजे येत नाही हाच त्याचा गुण."

"हो," तू म्हणालीस. "आणि तो गुण लहान नाही."

मग जाता जाता, पाठमोरी: "आजोबांना महिना झाला की मिस्सा आहे, तिच्यानंतर मी त्यांचं गाणं म्हणणार आहे. बार्टलीच्या पबात. पाटी लावून, सगळ्यांसाठी. यायचं तर ये."

मी त्या रात्री तुझ्याबद्दल जे काय मनात म्हणालो ते लिहीत नाही. एवढंच लिहितो की तू चुकतेस. गाणं कुणीतरी धरावं लागतं, नाहीतर ते सांडतं. मी ते धरलं. त्याला तू हाकणं म्हणत असशील तर म्हण.

कोलमन


कॅरिगदू, १६ जुलै

साइव,

तू भिंतीकडे तोंड करून होतीस, म्हणून तुझ्या पाठीमागे काय झालं ते तुला माहीत नाही, आणि गाव तुला ते नीट सांगणार नाही. हे पत्र नकाशा बघून पाठवत नाही, तुझ्या आईच्या दारात टाकतोय.

मिस्सेला मी मागे उभा होतो. बार्टलीकडे मात्र लवकर गेलो आणि कोपऱ्यातलं स्टूल धरून बसलो. ठरवून. कुणाला जागा द्यायची नाही म्हणून. पब खच्चून भरला. अर्धे रेनकोट. बेल्जियमचे दोघं पुन्हा आलेले, काळे कपडे घालून, डेलियाने स्वतः बोलावलेले. लोक उठून त्यांना खुर्च्या देत होते. बार्टलीने मला विचारलं, "तुझ्या त्या स्वयंपाकघरातल्या बैठकीला आज सुट्टी का?" मी म्हणालो, "आज तुझ्या कुत्र्याला भेटायला आलोय." फेस्टीने मधेच माझ्याकडे ग्लास सरकवला. दया असेल तर ती त्याने परत न्यावी.

योस्ट दिसत नव्हता. मला बरं वाटलं. मला वाटलं, नकाशावर नाही म्हणून त्याला आजचा दिवस कळलाच नसेल.

मग तू उभी राहिलीस. बार्टलीने दाराकडे पाहिलं. तू डोळे मिटलेस, पहिली ओळ म्हणालीस, आणि हात बाजूला आला. तो कुणाकडेच आला नव्हता. नुसता आला होता. एका बाजूला मी, पलीकडे डेलिया. डेलियाने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, घे म्हणून. तिला वाटतं मी देवमाणूस आहे.

मी धरला.

पहिला फेरा मी फिरवला, आणि कळलं मला. तुझा आवाज किंचित पुढे झुकला, मेंढी काठी बघून झुकते तसा. एवढंच. इतकी वर्षं ते मला साथ वाटत होतं. माझा राग काय उसळला म्हणून सांगू. तुझ्यावर, त्या आवाजावर, बटाट्याएवढ्या डोक्याच्या त्या प्राध्यापकावर. गाढवाने बाण बरोबर काढला होता.

मी मनगट सोडून दिलं. सोडून देणं सोपं असतं असं वाटत असेल तर तुझ्या डच माणसाला सांग, सोपं नाही, ज्याला येतं त्याला तर नाहीच. दुसऱ्या कडव्यात तू थांबलीस. जिथे कधीच थांबली नव्हतीस तिथे. मला वाटलं तू विसरलीस. मी फिरवलं असतं तर तू थांबली नसतीस. पण तू विसरली नव्हतीस, आजोबा तिथे श्वास घ्यायचे. समोर डेलियाचे ओठ हलत होते. मग तुझा हात आपणच वर आला आणि माझा त्याच्याबरोबर गेला, आणि मी एक अख्खं कडवं तुझ्या मागून चाललो. तसं गाणं मी तुझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. इतकं संथ. त्यात माझ्यासाठी काही नव्हतं. म्हातारा, त्याची बोट, त्याची बायको. मी कुठेच नव्हतो.

मला हवं होतं ते हातात होतं, साइव. तो हात मला हवा होता, आणि तो हातात असताना मी एरवी जे करतो नेमकं तेच करायचं नव्हतं. अजून एक कडवं मला जमलं नसतं. मी पुन्हा फिरवलं असतं. मला मी माहीत आहे.

कडवं संपलं. तू श्वास घ्यायला थांबलीस तेवढ्यात मी तुझा हात डेलियाच्या हातात ठेवला. तुला वाटलं असेल मी घामाने हात बदलला. तो डेलियाचा होता. तिने तो धरला आणि हलवलाही नाही.

मी उठलो. बार्टलीचे डोळे मोठे झाले. गाणं चालू असताना दार. फादरसुद्धा उघडत नाहीत ते दार. रेनकोटवाल्यांना शिष्टाचार शिकवायला निघालो होतो मी, आणि त्यांच्यातलं कुणी हललं नव्हतं, एकाचाही फोन वर नव्हता. उठलो तो मीच. मी उंबऱ्याशी जाऊन उभा राहिलो आणि थांबलो, पुढचं कडवं पुरं होईपर्यंत. तू पुन्हा श्वास घेतलास तेव्हा खिट्टी उचलली.

बाहेर रिमझिम होती आणि दाराला पाठ लावून योस्ट उभा होता. पाठीवर डफ नाही. केस चेहऱ्याला चिकटलेले. किती वेळ उभा होता कोण जाणे, तुझी पहिली ओळ ऐकली तेव्हापासून असणार. मी तोंड उघडलं तर त्याने ओठांवर बोट ठेवलं. मला गप्प बसवत होता, साइव. आमच्या दारात, आमच्या गाण्यासाठी.

"जा आत," मी हळू म्हणालो.

"गाणं चालू आहे," तो म्हणाला, आपल्या भाषेत. उच्चार भयंकर.

"श्वास घेतेय ती. आत्ता. जा."

तो आत सरकला, माझं स्टूल रिकामं होतं. मी बाहेर पाऊल टाकलं, खिट्टी वाजू नये म्हणून ती अंगठ्याने दाबून धरली, आणि दार लावून घेतलं.